मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन: पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत

मुरुमांसाठी पोटातून अँटिबायोटिक द्यायचं ठरलं की मी चिठ्ठीवर दोन तारखा लिहिते. पहिली तारीख गोळी सुरू करायची, दुसरी ती बंद करायची. दुसरी तारीख साधारण बारा आठवड्यांनंतरची असते आणि ती मोठ्यानं वाचून दाखवावी लागते, कारण घरी गेल्यावर चिठ्ठीतलं औषधाचं नावच तेवढं लक्षात राहतं. मग गुण आला म्हणून सहा-सहा महिने गोळ्या चालू राहतात, नाहीतर गुण येत नाही म्हणून दहाव्या दिवशी बंद होतात. त्वचारोगाच्या ओपीडीत रोज दिसणाऱ्या या दोन चुका आहेत, आणि दोन्ही टाळता येतात.

आधी गोळी कोणाला द्यायची ते बघू. नुसते ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड असतील तर गोळीचा काहीही उपयोग नाही. तिथे छिद्राच्या तोंडाशी साचलेला थर सुटायला हवा आणि ते काम मलमाचं आहे. लाल, दुखरे, पू धरलेले फोड बरेच असतील, किंवा पाठ-छाती भरली असेल आणि तिथे रोज मलम पोहोचवणं अवघड असेल, तर गोळीचा विचार होतो. याउलट त्वचेखाली खोल, बोटाला टणक लागणाऱ्या गाठी असतील आणि त्या जाताना खड्डे पडत असतील, तर तीन महिने अँटिबायोटिकवर घालवू नयेत. तिथे बहुतेकदा आयसोट्रेटिनॉइन (पोटातून घ्यायचं वेगळं, अँटिबायोटिक नसलेलं औषध) हेच लागतं, आणि वाट पाहण्यात जे खड्डे पडतात ते पुढे पूर्ण भरत नाहीत. चेहरा तपासताना मी प्रकाश समोरून न घेता बाजूनं घेते आणि जबड्याजवळची त्वचा हलकी ताणून बघते. समोरच्या झगझगीत उजेडात बारीक गाठी आणि नवे खड्डे दिसतच नाहीत.

मग प्रश्न. पहिला नेहमी हाच की सध्या चेहऱ्याला काय लावता? "काही नाही" हे उत्तर मी पहिल्या फेरीत खरं मानत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेली, उजळपणासाठी वापरली जाणारी ट्यूब असते आणि तिच्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन असं मिश्रण असतं. त्या स्टेरॉइडनंच मुरुम येत असतील तर तीन महिने गोळी घेऊनही हाती काही लागत नाही, म्हणून ट्यूब घेऊन यायला सांगते. दुसरा प्रश्न बी-१२ च्या इंजेक्शनांचा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं, मग इंजेक्शनांचा कोर्स होतो आणि थोड्याच दिवसांत चेहऱ्यावर एकसारखे फोड उठतात. हा संबंध खरा आहे आणि तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. जिममधली प्रोटीन पावडर, टीबीची औषधं, फिट्सच्या गोळ्या हेही विचारायचं. फिट्सवरचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर डॉक्सीसायक्लिन शरीरातून लवकर निघून जातं. मुलींना पाळीची शेवटची तारीख, पाळी नियमित आहे का आणि हनुवटीवर केस वाढलेत का, हे विचारावंच लागतं. गरोदरपणात हे औषध द्यायचं नाही. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना मुरुमांसाठी ते देत नाहीत, कारण या कुळातली औषधं घडत असलेल्या दातांत बसतात आणि दात पिवळट-तपकिरी होतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ती अडचण नसते.

औषध म्हणून पहिली पसंती डॉक्सीसायक्लिनला. हे टेट्रासायक्लिन कुळातलं. या कुळातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून बाहेर आलं. ते बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळवलं, आणि तिथल्या संशोधनाची धुरा होती आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. डॉक्सीसायक्लिन १९६७ पासून वापरात आहे. नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. फार सूज असेल तर सुरुवातीला काही आठवडे दोनदा. याच कुळातलं मिनोसायक्लिनही चालतं, पण त्यानं चक्कर येते, क्वचित यकृताला त्रास होतो, आणि लांबलेल्या वापरात त्वचेवर निळसर-करडे डाग उठतात. आधीच डागांनी वैतागलेल्या सावळ्या चेहऱ्यावर ती जोखीम घ्यायला माझं मन होत नाही. ॲझिथ्रोमायसिन हे दुसऱ्या कुळातलं अँटिबायोटिक ५०० मिलिग्रॅम आठवड्यातून सलग तीन दिवस देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते पेशींमध्ये बरेच दिवस टिकून राहतं म्हणून रोज घ्यावं लागत नाही. पण टायफॉइडसाठी तेच औषध लागतं, त्याला जंतू सरावायला नकोत. त्यामुळे डॉक्सीसायक्लिन खरोखर चालत नसेल तिथेच मी ते देते.

घशाच्या दुखण्याला अँटिबायोटिक तीन दिवसांत आराम देतं, मग इथे तीन महिने का, असं प्रत्येक आई विचारते. मुरुमांत जंतूचा वाटा आहे, पण तो एकटा आरोपी नाही. तेलग्रंथी जास्त तेल सोडते, छिद्राचं तोंड बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू वाढतो आणि मग शरीर त्याच्यावर तुटून पडतं. लाली, सूज, पू ही त्या हल्ल्याची खूण. डॉक्सीसायक्लिन जंतू कमी करतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते पांढऱ्या पेशींची ही धाव आवरतं आणि ऊतक खाणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवतं. २० मिलिग्रॅम दोनदा इतक्या कमी मात्रेत, जिथे जंतू मरतही नाहीत, तिथेही फोड कमी होतात ते यामुळेच. आज दिसणारा फोड आत काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो. त्यामुळे गोळीचा परिणाम चेहऱ्यावर दिसायला तितका वेळ लागणारच.

आता गोळी घ्यायची कशी. जास्तीत जास्त त्रास इथेच होतो आणि चिठ्ठीवर याबद्दल सहसा "जेवणानंतर" एवढंच लिहिलेलं असतं.

रात्री उशिरा जेवण, त्यानंतर झोपायच्या वेळी आठवण, पलंगावर बसून एका घोटाबरोबर कॅप्सूल आणि लगेच आडवं होणं. डॉक्सीसायक्लिनसाठी याहून वाईट पद्धत नाही. कॅप्सूलचं जिलेटिन अन्ननलिकेच्या मध्यभागी, जिथे ती जराशी अरुंद असते, तिथे चिकटून मऊ पडतं. आतलं औषध पाण्यात विरघळलं की आम्लधर्मी होतं आणि त्या एका जागी रात्रभर आतली त्वचा जाळतं. सकाळी पाण्याचा प्रत्येक घोट छातीच्या हाडामागे टोचतो, काहींना लाळ गिळणंही नको होतं. पेशंटला वाटतं ॲसिडिटी झाली. घरात अँटासिड असतंच, ते घेतलं जातं. अँटासिडमधलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डॉक्सीसायक्लिनला बांधून ठेवतं आणि औषध रक्तात जातच नाही. म्हणजे जखम तशीच आणि मुरुमांचा उपचारही बंद. असं दुखायला लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. वेळेवर थांबवली तर बहुतेक वेळा काही दिवसांत बरं वाटतं.

योग्य पद्धत अशी. आधी एक-दोन घोट पाणी पिऊन घसा ओला करायचा. मग उभं राहून किंवा ताठ बसून गोळी, आणि तिच्यामागे पूर्ण पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी. किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी एक तास सांगते, कारण एक सांगितला की अर्धा पाळला जातो. वेळ निवडायची ती नाश्त्यानंतरची किंवा दुपारच्या जेवणानंतरची. पोहे, उपमा, पोळी-भाजी काहीही चालेल, पण पोटात काहीतरी हवं, नाहीतर मळमळतं. उपवासाच्या दिवशी नुसत्या चहावर गोळी घेतली की हमखास उलटी होते. केळं, शेंगदाणे, खिचडी जे चालत असेल ते आधी खायचं. रोजे असतील तर इफ्तारच्या जेवणानंतर घ्यायची. सहरीनंतर पुन्हा झोपायची सवय असते, म्हणून ती वेळ नको.

दुधाबद्दल घरोघरी गोंधळ असतो. जुन्या टेट्रासायक्लिनला दूध अजिबात चालत नसे. डॉक्सीसायक्लिनचं शोषण दुधानं कमी होतं, पण साधारण एक पंचमांशच. त्यामुळे नाश्त्याबरोबरच्या दुधाच्या चहाची काळजी करू नका. पेलाभर दूध किंवा वाटीभर दही मात्र दोन तास दूर ठेवा. खरा अडथळा गोळ्यांचा आहे: कॅल्शियम, झिंक आणि सगळ्यांत जास्त लोह. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी चालू असलेल्या मुली पुष्कळ असतात, शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळीही लोहाचीच. शोषलं गेलेलं डॉक्सीसायक्लिन पित्तातून पुन्हा आतड्यात येत राहतं, तिथेही लोह त्याला धरतं. म्हणून नुसतं दोन तासांचं अंतर लोहाला पुरत नाही. डॉक्सीसायक्लिन सकाळी आणि लोह रात्री, असं दिवसाच्या दोन टोकांना ठेवायचं. "त्वचेसाठी चांगलं" म्हणून आपणहून सुरू केलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही लोह आणि झिंक दोन्ही असू शकतात. पाकिटाची मागची बाजू वाचा.

"मॅडम, हिला अँटिबायोटिक फार गरम पडतं हो," असं आई सांगते तेव्हा मी ते उडवून लावत नाही. तिला जे दिसतं ते खरं असतं: जळजळ, मळमळ, तोंड येणं, कधी पातळ शौचाला होणं. विचारत गेलं की बहुतेकदा गोळी रिकाम्या पोटी किंवा घोटभर पाण्यावर घेतलेली निघते. पद्धत बदलली की तेच औषध त्याच मुलीला सोसतं. एखादा डोस विसरला तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचाच घ्या, दोन एकदम नकोत.

अँटिबायोटिक एकटं कधीच द्यायचं नाही. सोबत दोन मलमं: सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि रात्री छिद्रं मोकळी ठेवणारं ॲडॅपॅलीन ०.१ टक्के. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतूला ऑक्सिजनच्या माऱ्यानं मारतं, त्याला जंतू सरावत नाहीत. गोळीला दाद न देणारे जंतू वाढू नयेत म्हणून ते हवंच. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या आणि ब्रिटनमधल्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही गोळीसोबत मलम आणि गोळीला मुदत, हेच आहे. गोळीबरोबर क्लिंडामायसिनचं जेल मात्र नको. पोटातून एक अँटिबायोटिक, वरून दुसरं, यात फायदा वाढत नाही आणि जंतूंना सराव मात्र दोन्हींचा होतो. अशा चिठ्ठ्या घेऊन आलेले पेशंट मी बरेच बघते.

ॲडॅपॅलीन संपूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं. फोडाफोडावर ठिपके द्यायचे नाहीत, कारण ते पुढे येणारे फोड अडवायला आहे. चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावर लावायचं. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून, मग रोज. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालचा भाग आधी व्हॅसलीन लावून झाकून घ्यायचा. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं: टॉवेल, उशीचा अभ्रा, ओढणी, शाळेच्या गणवेशाची कॉलर. पांढरा जुना पंचा चेहऱ्यासाठी वेगळा ठेवावा.

पहिल्या महिन्यात चेहरा सुधारलेला दिसत नाही, काहींचा थोडा बिघडतो. तो बिघाड गोळीचा नसून ॲडॅपॅलीनचा असतो, आणि तो बहुतेक चार आठवड्यांत ओसरतो. याच टप्प्यावर लोक डॉक्टर बदलतात. मी फोटो काढायला सांगते: एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, दर पंधरा दिवसांनी. आरशात रोज बघून काही कळत नाही. त्याबरोबर आठवड्यात नवे फोड किती आले ते मोजायचं. सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत ही संख्या उतरायला हवी. चेहरा स्वच्छ होण्याआधी नवे फोड येणं मंदावतं आणि सुधारणेची पहिली खूण तीच.

आणि इथे एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगायची आहे. फोड बसल्यावर जे तपकिरी डाग उरतात ते मुरुम नव्हेत. आपल्या रंगाच्या त्वचेत ते महिनोन् महिने राहतात, आणि डॉक्सीसायक्लिनचा त्यांच्यावर कसलाही परिणाम होत नाही. गोळ्या सहा-आठ महिने लांबण्याचं सगळ्यांत मोठं कारण हे डाग आहेत. पेशंट म्हणतो, "अजून गेले नाहीत." बोट फिरवून बघा. उंचवटा लागत नसेल, दुखत नसेल, तर तो डाग आहे. त्याला लागतं ऊन टाळणं, ॲडॅपॅलीन आणि धीर.

ऊन तर असंही टाळायला हवं. या गोळीवर असताना त्वचा उन्हाला जास्त भाजते, आणि डोस जितका जास्त तितकी जास्त. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यात दुचाकीवर दुपारी फिरणाऱ्यांचं नाक, गाल आणि हाताची मागची बाजू चुरचुरते, क्वचित नखं टोकाकडून सुटतात. शक्य असेल तर अशा कामाच्या लोकांना मी कोर्स पावसाळ्यानंतर देते, किंवा उन्हाळ्यात दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जात नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं जेल स्वरूपातलं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीएवढं. तोंडाला बांधायचा स्कार्फ सुती हवा आणि रोज धुतलेला हवा. घामट स्कार्फ आणि हेल्मेटचा हनुवटीवरचा पट्टा यांच्या घासण्यानंही फोड येतात.

काही लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. सतत डोकं दुखणं, त्यासोबत अंधूक किंवा दोन-दोन दिसणं म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढल्याची शक्यता. गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवायचं. आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सीसायक्लिन एकत्र देत नाहीत ते यासाठीच. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर मेडिकलवाल्यालाही कदाचित कळणार नाही, म्हणून तुम्हीच सांगा. अंगावर पुरळ, ताप, डोळे पिवळे होणं, रक्त पडणारे जुलाब, यातलं काहीही झालं तरी तसंच. मुलींना योनीमार्गात खाज आणि दह्यासारखा स्राव होऊ शकतो. ते बुरशीचं इन्फेक्शन आहे, सहज बरं होतं, पण लाजून सांगितलं जात नाही म्हणून मी आधीच बोलून ठेवते. गर्भनिरोधक गोळीचा परिणाम डॉक्सीसायक्लिननं कमी होत नाही, मात्र उलट्या-जुलाब झाले तर तो भरवसा धरू नये.

आठव्या आठवड्यालाही फरक नसेल तर डोस वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासायचं. कपाळाच्या केसांच्या कडेला, छातीवर, पाठीच्या वरच्या भागात एकाच आकाराचे, खाजणारे बारीक फोड, मध्ये एकही ब्लॅकहेड नाही, घाम आला की वाढतात: हे मॅलासेझिया या यीस्टचं काम असतं. अँटिबायोटिकनं ते आणखी फोफावतं, बुरशीवरचं औषध दिलं की उतरतं. आधी बरं वाटून मग नाका-तोंडाभोवती अचानक पिवळ्या पुवाचे फोड उठले, तर गोळीनं दबलेल्या जंतूंची जागा दुसऱ्याच जंतूंनी घेतलेली असू शकते. तिथे पुवाची तपासणी करावी लागते. कपाळावरच दाट असतील तर केसांना चोपडलेलं तेल बघा. आणि हनुवटी-जबड्यावर, पाळीच्या आधी उसळणारे मुरुम असतील, पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, तर पीसीओएससाठी (बीजांडकोशाशी निगडित हार्मोनच्या बिघाडासाठी) तपासायचं. तिथे गोळीनं सूज उतरते पण मूळ हार्मोनचं आहे, ते गोळी संपल्यावर पुन्हा डोकं वर काढणार.

ठरलेल्या तारखेला गोळी बंद. कमी-कमी करत आणायची गरज नाही. ही तारीख मी इतकी धरून का ठेवते, तर लांबलेल्या अँटिबायोटिकनं नुसत्या चेहऱ्यावरचेच नाही, घशातले आणि आतड्यातले जंतूही सरावतात, आणि त्वचेवरचे असे जंतू घरातल्या माणसांकडेही जातात. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफस हा बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप येतो, २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ होती. मुंबईत गुडघाभर पाण्यातून चाललेल्या लोकांना महापालिका लेप्टोस्पायरोसिस टाळायला गोळी सुचवते. दोन्हीकडे लागणारं औषध हेच डॉक्सीसायक्लिन. पाकिटावरच्या लाल उभ्या रेघेचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा आहे, आणि मुरुमांच्या गोळीलाही तो लागू आहे.

गोळी थांबली तरी ॲडॅपॅलीन थांबत नाही. ते रोज रात्री, पुढे सहा महिने ते वर्षभर. खरा टिकाव यानंच लागतो, आणि लोक नेमकं हेच सोडतात. महिन्या-दोन महिन्यांत मुरुम पुन्हा जोरानं आले तर जुनं पाकीट काढून सुरू करू नका, दाखवायला या. मलम नीट लावलं जात होतं का हे आधी बघू. लावूनही आले असतील तर दुसरा, तिसरा अँटिबायोटिकचा कोर्स लावत बसण्यापेक्षा आयसोट्रेटिनॉइन किंवा मुलींमध्ये हार्मोनचे उपचार, यावर बोलायला हवं. येताना जुनी चिठ्ठी, रिकाम्या स्ट्रिपा आणि पंधरा-पंधरा दिवसांचे फोटो आणा. उरलेल्या गोळ्या धाकट्या भावंडाला देऊ नका आणि कोकणातल्या दमट हवेत वर्षभर कपाटात ठेवून पुढच्या वेळी वापरू नका. मुदत उलटलेल्या जुन्या टेट्रासायक्लिननं मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.